समेच्या जरा आधी

गुरुजी,

तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, टाळी दिसू दे, ऐकू येऊ देऊ नको. त्याला आता अडतीस वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन बावीस. इतक्या वर्षांनी ते काढून बसण्याचं कारण ऐकलंत तर तुम्ही चष्मा पुसत हसाल. गेल्या महिन्यात मला एका बँडसाठी बेस गिटार वाजवणारा माणूस निवडायचा होता. त्या निवडीत मी अडकले, आणि त्या अडकण्यातून तुमचं ते वाक्य पुन्हा माझ्यासमोर येऊन बसलं. म्हटलं, लिहून टाकावं. रोज दुसऱ्यांच्या बातम्या नीट करते, एक दिवस आपली.

तुमची गायन पार्टी मला अजून जशीच्या तशी दिसते. बोरीच्या आपल्या वस्तीत, विहारासमोरच्या ओट्यावर, शाळा सुटली की तुम्ही पेटी उघडता. पेटीचा एक सूर दाबल्यावर वर यायचा नाही, तो तुम्ही गाता गाताच नखानं उचलता. डाव्या हाताला बुलबुलतरंगवाले काका, उजव्या हाताला ढोलकी, आणि मागे कोरसमध्ये आम्ही तीन मुली. जयंतीचा महिना आला की जिंतूर, सेलूकडच्या गावांतून पार्टीला बोलावणी यायची, आणि टेम्पोत बसून आम्ही जायचो. मी नववीत असताना ढोलकी वाजवणारा दादा पुण्याला कामाला गेला आणि ती जागा रिकामी झाली. मला ती हवी होती. घरी पिठाच्या डब्यावर मी सहा ठेके बसवले होते. आई म्हणायची, "अगं, पीठ नासंल." तुम्ही मला तीन संध्याकाळी ढोलकीवर बसवलंत. मी एकही बोल चुकले नाही. चौथ्या दिवशी ढोलकी माझ्या चुलतभावाकडे गेली. तो माझ्याहून वर्षानं लहान, आणि त्याला दोनच ठेके येत होते.

मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. पुढे जयंतीच्या कार्यक्रमाला स्टेजवर चढताना तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि हळूच म्हणालात, "ए पोरी, टाळी दिसू दे. ऐकू येऊ देऊ नको." मी मान हलवली. त्या रात्रीच्या सगळ्या गाण्यांत मी दोन्ही हात एकमेकांजवळ नेऊन, मध्ये बोटभर अंतर ठेवून परत आणत राहिले. समोर गावातल्या सगळ्या बाया बसलेल्या. त्यांना वाटत असेल, ही पोरगी काय छान टाळ्या वाजवते. ढोलकी का गेली याचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं असं मी धरून चालले. मुलींनी दिसायचं, ऐकू यायचं नाही.

आता बँडचं सांगते. आमच्या मुलानं सहा वर्षांपूर्वी बेस गिटार विकत आणली. दोन महिन्यांत ती सोडून तो ड्रमकडे वळला आणि गिटार कपाटामागे उभी राहिली. एकदा झाडताना मी ती बाहेर काढली. चार जाड तारा, गळा हातभर लांब. छेडली तर आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त लागला. मला तुमच्या पार्टीतल्या ढोलकीच्या घुमणाऱ्या डाव्या बाजूची आठवण झाली. कार्यालयात जाण्याआधी रोज अर्धा तास, मोबाईलवरचे धडे लावून, मी ती शिकत गेले. बोटांना घट्टे पडले, तेव्हा हे म्हणाले, "या वयात बायका विणकाम करतात." मी म्हटलं, "त्यातही सुयाच टोचतात." नंतर मुलानं बँड काढला तेव्हा बेसला कुणी मिळेना, म्हणून तात्पुरतं मला उभं केलं. तात्पुरतं म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.

हा वरातीचा बँड नाही. याला फंक म्हणतात. मुलगा मला पहिल्यांदा समजावत होता तेव्हाचे त्याचे शब्द असे: "आई, चार मात्रा धर. पहिलीवर सगळ्यांनी एकदम बसायचं, धप्पकन. बाकीच्या तिन्हीत ज्याला जिथं मोकळं सापडंल तिथं त्यानं खेळायचं. पण पहिली सोडायची न्हाई." मी म्हटलं, "म्हणजे सम." तो म्हणाला, "हां, सम. पण इथं दर घासाला सम येती." आपलीच गाणी ते या चालीवर बसवतात. सून गाते, तिचा भाऊ गिटार वाजवतो, एरवी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सॅक्सोफोनवर एक चाचा आहेत. चाळीस वर्षं त्यांनी परभणीतल्या वराती वाजवल्या. सराव त्यांच्याच बँडच्या खोलीत होतो. भिंतीला लाल कोट टांगलेले, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या, आणि कोपऱ्यात मोठं पितळी वाद्य ज्याच्या तोंडात चाचा आपली टोपी ठेवतात. तुम्हाला ती खोली आवडली असती.

यंदा जयंतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. परभणीतलं मैदान, संध्याकाळी साडेसहाची वेळ. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, सातला तुझं पान सुटतंय. तू कशी येशील? एखादा पक्का माणूस बगू का बेसला?" मी जिल्ह्याचं पान बघते, ते सातला छपाईला सोडावं लागतं. त्याचं बरोबर होतं. तरी मी हातातला घास परत ताटात ठेवला. सून लगेच म्हणाली, "आई, तुमीच निवडा. जागा तुमची हाय." मग मी, जशी सवय आहे तशी, कागद घेतला आणि कसा माणूस पाहिजे ते लिहून काढलं. पहिलीच ओळ लिहिली, वेळेवर येणारा. तिच्याखाली रेघ मारली. मुलानं ती वाचली, बायकोकडे बघितलं, आणि भाताकडे वळला.

रविवारी दहाला तिघांना बोलावलं होतं. पहिला पावणेदहालाच हजर. इंजिनिअर झालेला, कपडे इस्त्रीचे, गिटारला सहा तारा. त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि लाह्या फुटाव्यात तसे सूर उडायला लागले. अंगठ्यानं तार ठोकायचा, बोटानं ओढून सोडायचा, मान हलवायचा. मला तो फार आवडला. चाचांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाजी, उंगलियां तो मशीन है. मगर इसको बोलो, हमकू भी थोडी जगा छोड." दुसऱ्यानं गिटार आणलीच नव्हती. तो म्हणाला, "बेस मी कीबोर्डवरच डाव्या हातानं देतो की, वेगळा माणूस कशाला पाहिजे?" त्याला चहा पाजून पाठवलं. तिसऱ्याचा पत्ता नव्हता.

तो आला पावणेअकराला. सेलूकडच्या एका गावातून, देवगाव फाट्यावर बस बदलून, पाठीवर गिटार, आणि तिची खोळ घरी शिवलेली, जुन्या सतरंजीची. आयटीआयमध्ये वायरमनचं शिकवतो. पस्तिशीचा असेल. म्हणाला, "माफ करा, मॅडम. फाट्यावर बस लय वेळ थांबली." मी म्हटलं, "आधीची धरायची." तो म्हणाला, "आधीचीच धरली होती." चाचा खोकले. मग त्यानं तारा जुळवल्या. त्यातही त्यानं वेळ घेतला. आणि वाजवायला लागला तर काय, चार सूर, फार तर पाच. एक सूर द्यायचा आणि तार हातानं दाबून गप्प करायची. मी घड्याळ बघितलं. सून मात्र तिसऱ्या ओळीत डोळे मिटून गायला लागली होती, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तिघंही गेल्यावर मुलगा म्हणाला, "बोल आई." मी म्हटलं, "पहिला घ्या. हुशार आहे, वेळेवर आला. हा सेलूवाला कार्यक्रमाच्या दिवशी फाट्यावर बसून राहील, आणि तुम्ही इथं." खरं म्हणजे माझ्या मनात तिसरंच काही होतं. पहिल्याला घेतलं तर चाचा आठ दिवसांत कंटाळतील, आणि जयंती झाली की मला परत उभं करतील, असं मी आतल्या आत मांडलं होतं. मला जागा द्यायची नव्हती, गुरुजी. दोन वर्षांत मला त्या पहिल्या मात्रेची चटक लागली होती. बातम्यांच्या कामात माणूस दिवसभर दुसऱ्याच्या वाक्याला टेकू देतो, आणि ते कुणाला दिसत नाही. इथं मी एक तार छेडली की समोरच्या भिंतीवरच्या कोटांच्या झिरमिळ्या हलायच्या.

मुलानं वाद घातला नाही. प्रत्येक सराव तो मोबाईलवर टिपून ठेवतो, तो मोबाईल स्पीकरला जोडला आणि म्हणाला, "एकच गाणं दोनदा ऐकवतो. ड्रम मीच, गाणारी हीच. फक्त बेस वेगळा हाय. कोणता ठेवायचा ते सांग." मी डोळे मिटून ऐकलं, पान तपासताना ऐकते तसं, चूक शोधत. पहिल्यात सूर सगळे बरोबर होते, पण चालणाऱ्या माणसाला कुणी मागून ढकलत असावं तसं गाणं सारखं पुढे कलत होतं. दुसरं ऐकलं आणि माझे खांदे खाली आले. ते गाणं खुर्चीवर नीट टेकून बसलं होतं. मी म्हटलं, "दुसरा. पहिल्याला बहुतेक गाडी पकडायची आहे. चुकत नाही बिचारा, पण सूर वाजायच्या आधीच येऊन दारात उभा राहतो." चाचा त्या मोठ्या वाद्यातून आपली टोपी काढून तिची धूळ झटकायला लागले. मग मुलगा म्हणाला, "आई, पहिली तू हायस. दुसरा सेलूवाला."

मी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. शेवटी मीच म्हटलं, "दोन वर्षं बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "कसं सांगू? तू लय पुढं पळायलीस असं आईला कोण म्हणतंय? मी ड्रम तुझ्यामागं पळवायलो होतो." चाचा मध्येच म्हणाले, "बाजी, मैं तो समझा ऐसाच स्टाईल है तुमारा." मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला हसताना बघून बाकीचेही सुटल्यासारखे हसले. त्याच बैठकीत सेलूवाल्याला फोन केला. तो तेव्हा परतीच्या बसमध्ये होता. "उशीर झाला म्हणून मला वाटलं गेलंच," म्हणाला. मी म्हटलं, "तुमचा उशीर आम्हाला पाहिजे आहे. बसचा नको." त्याला ते कळलं नसावं, पण हो म्हणाला.

त्या दिवशी रिक्षानं घरी येताना मी मांडीवर टाळी वाजवून बघत होते. मनात तुमचं एक गाणं म्हणायचं आणि समेला टाळी द्यायची. आता कान उघडले होते म्हणून कळलं. माझी टाळी प्रत्येक वेळी समेच्या जरा आधी पडत होती. केसभर. मी ती मागे ओढून बघितली तर हात अवघडल्यासारखा व्हायचा. आणि मग ओट्यावरच्या त्या तीन संध्याकाळी परत आल्या, माझे सहा बिनचूक ठेके, आणि पेटीवरून वर उठणारी तुमची नजर. "दमानं," तुम्ही म्हणायचात. सगळ्यांनाच म्हणायचात, म्हणून मी ते घेतलं नाही. चुलतभावाला दोनच ठेके यायचे, बोलही गाळायचा, पण समेला तो तुमच्याबरोबर बसायचा. गाणाऱ्याला बाकी काय लागतं? मी बोल मोजत राहिले, तुम्ही बसणं बघत होतात.

एक गोष्ट आठवून मला जास्तच हसू येतं. माझं बी.ए. झालं तेव्हा तुम्ही मला परभणीला आमच्या संपादकांकडे घेऊन गेला होतात. धोतर नेसलेले, छत्री काखेत, टेबलासमोर उभे. तुम्ही म्हणालात, "हिला घेऊन बगा, साहेब. ही कधी मागं राहायची न्हाई. झालं तर पुढंच असती, जरा जास्तीच." संपादक म्हणाले, "आम्हाला तसंच माणूस पाहिजे." मी ती शिफारस समजले. होतीच ती शिफारस. जी खोड तुमच्या पार्टीत चालली नाही, ती जिथं पोसली जाईल अशी जागा तुम्ही शोधून दिलीत. तीस वर्षांत माझं पान एकदाही उशिरा सुटलेलं नाही. नवी मुलं मला घड्याळ म्हणतात. तुम्हाला हे सगळं तेव्हाच दिसलं होतं का, की तुम्ही सहज बोलून गेलात, हे मला आता कुणाला विचारता येत नाही. मी आपली दिसलं होतं असं धरते.

जयंतीच्या कार्यक्रमाला मी गेले. पान सव्वासहालाच सोडलं होतं. सेलूवाला आदल्या दिवशीच येऊन आमच्याकडे राहिला होता, सतरंजीची खोळ उशाला घेऊन. तुमचं नेहमीचं सुरुवातीचं गाणं त्यांनी घेतलं. पहिली मात्रा पडली आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांच्या माना एकदम खाली गेल्या, सगळ्यांच्या मिळून. मला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. थोडं वाटलं, पहिल्या कडव्यापुरतं. मग मी टाळ्या वाजवायला लागले, खणखणीत. हजार माणसांत एक टाळी पुढे गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. बेस गिटार आता पुन्हा घरी माझ्या खोलीत आहे. मी रोज अर्धा तास घड्याळाच्या टिकटिकीबरोबर एकच सूर वाजवते आणि त्याच्या मागे राहायचा प्रयत्न करते. दहातल्या तीन वेळा जमतं.

आता जे लिहायला बसले होते ते. तुम्ही निवृत्त झालात त्याच्या पुढच्या वर्षी मी महिलांच्या पुरवणीत एक लेख लिहिला होता. टाळी दिसू दे, हाच मथळा. तुमचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं, पण बोरीत कुणाला कळायचं राहिलं नसेल. ढोलकी कशी गेली, स्टेजवर मुक्या टाळ्या कशा वाजवल्या, सगळं त्यात होतं. लेख गाजला. शिक्षिकांची पत्रं आली. अजूनही कुठल्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना कुणीतरी त्याचा उल्लेख करतं. महिन्याभरानं तुम्ही जिंतूरच्या बसस्टँडवर भेटलात. तुम्ही म्हणालात, "लेख वाचला. चांगला झालाय. शेवटचा परिच्छेद जरा घाईत झालाय, बग." आणि बस आली म्हणून गेलात. मी पुढे कितीदा तरी हे लोकांना हसत सांगितलं, की गुरुजींनी मूळ मुद्दा कसा शिताफीनं टाळला.

आमच्याकडे चूक छापली गेली तर दुरुस्ती त्याच पानावर छापायची असा नियम आहे. मी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत, पण छापायला दिलेल्या नाहीत. लेखात म्हटलेलं इतर कितीतरी मुलींच्या बाबतीत खरंच होतं, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खोटं नाही. पण तुम्हाला एवढं सांगायला हवं. कोरसमध्ये आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघी त्या रात्री मोकळेपणानं टाळ्या वाजवत होत्या आणि तुम्ही त्यांना एका शब्दानं अडवलं नाही. हे मला लेख लिहिताना आठवत होतं. मी ते लिहिलंही होतं, दोन ओळींत. मग काढलं. पानावर बसत नव्हतं, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं. बसत होतं, गुरुजी. त्या दिवशी तळाला एवढी जागा उरली होती की कोथिंबीर आठवडाभर ताजी कशी ठेवावी, ते आम्ही तिथं छापलं.